सहा विरुद्ध अकरा

५ जानेवारी २०२५, रविवार

स्कोअरबुकाची मागची पानं नेहमी कोरी राहतात. पुढून टेनिस क्रिकेटचे सामने, मागून मी. घरात सगळ्यांना वाटतं की मी धावा जुळवत बसलोय. वाटू दे.

आज ‘धून कट्टा’वर लॉट्स पाडले, कोण कुणासमोर ते ठरलं. हा आमचा टेलिग्रामवरचा ग्रुप. कर्जत-खालापूरचे कीबोर्डवाले, पॅडवाले, डीजेवाले आणि नुसतेच ऐकणारे मिळून अडीचशेच्या आसपास माणसं आहेत. विषय असा, की हळदीला नवरा मांडवात शिरतो तेव्हा वाजवायची एंट्रीची धून. चाळीस सेकंदांची, सगळी इलेक्ट्रॉनिक, शब्द एकही नको. सोळा जणांनी पाठवल्या. क्रिकेटसारखंच दोघांना समोरासमोर उभं करायचं, ग्रुपवर पोल टाकायचा, जास्त मतं पडतील तो पुढे. कोणी कुणाला मत दिलं ते दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. सगळी गंमत आहे, बक्षीस काही नाही. फक्त नऊ फेब्रुवारीला पोशीरच्या मैदानावर टेनिस क्रिकेटची फायनल आहे, तिथे खेळाडू उतरताना जिंकलेली धून वाजणार आणि ज्याची असेल त्याचं नाव माइकवर पुकारणार.

मेघाने ग्रुपवर नियम टाकले. ती नेरळच्या बाजूला शाळेत शिकवते. एंट्र्या तिच्याकडे गेल्या, नंबर तिने दिले, कुठला नंबर कुणाचा ते तिलाच ठाऊक. बाद झाला की नाव उघडायचं, तोवर झाकलेलं. पंच मी. पोल सकाळी सातला चालू करायचा, संध्याकाळी सातला बंद करायचा, आकडा जाहीर करायचा. बरोबरी झाली तर पंचाचं एक मत. एरवी पंचाने मत द्यायचं नाही आणि खेळायचं तर नाहीच नाही.

“प्रवीण सोनावळे पंच असतील तर मग बोलायलाच नको,” मेघाने लिहिलं. खाली सदतीस अंगठे. बावीस वर्षं मी मैदानावर स्कोअर लिहितोय, कुणाची एक धाव खाल्लेली नाही.

आता लिहूनच टाकतो. सहा नंबर माझी आहे.

हिरामणच्या नावाने दिली. तो कंपनीत पॅकिंगला माझ्या शेजारी उभा असतो. त्याला फक्त कुणी विचारलं तर हो म्हणायचंय. पूर्वी मी सात वर्षं बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवला, पण सगळी दुसऱ्यांचीच गाणी. समीक्षा झाली आणि सुटलं. ही एक धून मी सहा महिने घासतोय. एकदा मैदानावर वाजू दे, एवढंच. मग पंच आपला पंच.

८ जानेवारी

सहा विरुद्ध चौदा: ६१–४०. निघाली. दिवसभर पॅकिंग करताना खोक्यांवर उलटी लेबलं लावत होतो. सुपरवायझरने दोनदा विचारलं, ताप आहे का?

ग्रुपवर प्रत्येक धुनेला टोपणनाव पाडायची टूम निघाली आहे. माझीला ‘काकांची’ म्हणतात. कोण काका? मी सत्तेचाळीसचा आहे.

१० जानेवारी

आज अकरा नंबर पहिल्यांदा ऐकली. सूर म्हणाल तर तीन. बाकी खाली नुसतं टकटक-टकटक, चढत जातं, एकदम थांबतं. वाटतं संपली. मग ‘कट्’ असा एक बारीक आवाज आणि परत टकटक. थांबते तिथे छातीत काहीतरी होतं, हे मान्य करतो. लोकांनी लगेच तिला ‘बँकर’ नाव पाडलं. कर्जतहून घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात ना, तो बँकर. पळसदरीच्या एकाने शपथ घेऊन सांगितलं की हा आवाज आमच्या दाराशी रेकॉर्ड केलेला आहे. मलाही तसंच वाटलं. पण मग ही धून कसली, हा तर रेल्वेचा आवाज.

८८–२१ ने जिंकली.

घरी लग्नसराईमुळे ब्लाउजांचे ढीग आहेत. उज्वलाची मशीन सकाळपासून चालू असते. मध्येच थांबवते, फोनमध्ये डोकं घालते, परत चालू. समीक्षाने तिला कसलंतरी ॲप टाकून दिलंय, डिझाइनचं असावं. दोघी माझ्याकडे बघून हसतात. मी विचारत नाही, मला माझ्याच चिंता पुरेत.

१३ जानेवारी

हिरामण डबा खाताना म्हणाला, “भावा, मेघा मॅडमचा फोन आलता. फाइल परत पाठवा म्हने. आन इचारतात, कुठलं सॉफ्टवेअर वापरता.”

“मग?”

“मी म्हनलं, पॅकिंग.”

मी डबा बंद केला. तो मात्र हसत होता. “घाबरतो कशाला रं? गंमतच हाय ना ही?”

गंमतच आहे. हे मी रोज आठ-दहा वेळा स्वतःला सांगतो.

१६ जानेवारी

सहा विरुद्ध दोन. दोन नंबर म्हणजे नुसता भोंगा आहे, पण पोरांना आवडतो. दुपारी मी नऊ मतांनी मागे होतो. साडेसहाला बरोबरीत आलो. शिफ्ट सुटून शिळफाट्याला रिक्षाची वाट बघत उभा होतो, फोन हातात. ६९–६९. मग ७०–६९, मी पुढे.

मी पोल बंद केला.

कंपनीच्या घड्याळात सात वाजून गेले होते. मी निघताना पाहिलं होतं आणि त्यावरून हिशोब धरला होता. फोनवर सहा छप्पन होते, हे मला नंतर दिसलं.

नंतरच दिसलं.

१७ जानेवारी

दोन नंबरचं नाव उघडलं. नेरळचा रुपेश, डीजेवाला. त्याने लिहिलं, “पंच साहेब, पोल सात वाजता बंद होनार होता ना? माझी पोरं मत द्यायला गेली तर बंद.”

मी लिहिलं, “वेळेतच बंद केला आहे.” लिहिताना बोट अडखळलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

त्याचं उत्तर आलं, “तुमी म्हनता तर बरोबरच आसंल.” खाली हात जोडलेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी विहारात वंदनेला बसलो होतो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसला. खोकल्याचं निमित्त केलं. उज्वलाने पाण्याची बाटली पुढे केली.

परतताना तिने सहज विचारलं, “सा नंबर निघंल का वो फायनलला?”

मी जागच्या जागी उभा राहिलो. “तुला काय माहीत सहा नंबर?”

“मी बी हाय की ग्रुपात. समीक्षानं घातलंय.”

“आणि सहाच का?”

“आपलं इचारलं,” ती म्हणाली आणि भाजीवाल्याकडे वळली.

हिला काही कळलं असेल का? कळायला मार्ग नाही. कीबोर्ड मी ती बाजारात गेल्यावरच काढतो. जेवताना ताटावर बोटं वाजतात कधीतरी, आंघोळीला गुणगुणतो, पण त्यावरून कुणी धून थोडीच ओळखणार.

२३ जानेवारी

उद्या उपांत्य फेरी. सहा विरुद्ध अकरा.

न राहवून मी उज्वलाला विचारलं, “अकरा नंबर कशी वाटते गं तुला?”

तिने दातांनी धागा तोडला. “तुमाला कशी वाटली ते सांगा आदी.”

“नुसती खडखड. जीव नाही तिच्यात. कुणीतरी रुळाजवळ फोन धरून बसलंय आणि लोक वाहवा करतायत.”

तिने कापड घडी करून बाजूला ठेवलं. समीक्षा आतून “पप्पा!” म्हणून ओरडली. त्यानंतर दिवसभर मशीन बंदच होती. तेल घालायचं राहिलं असेल.

२४ जानेवारी

८७–८७.

सात वाजून एक मिनिटाने बंद केला. या वेळी मुद्दाम एक मिनिट जास्त दिलं. पाच मिनिटं आधी अकरा एकाने पुढे होती, शेवटच्या घडीला सहाला एक मत आलं आणि बरोबरी झाली.

आता पंचाचं मत. मेघाने लिहिलंय, “सर, उद्या दुपारपर्यंत कळवा. घाई नाही.”

२५ जानेवारी, शनिवार

सकाळपासून तीन वेळा पान फाडलं. सरळ लिहितो.

अकरा चांगली आहे. सहापेक्षा चांगली आहे. ती थांबते तिथे पुढे काय होणार ते मला दहाव्यांदा ऐकतानाही ठाऊक असतं आणि तरी मी श्वास धरतो. माझ्या धुनेत मी असं कुठे थांबलेलोच नाही. मला थांबायची भीती वाटली होती, कारण थांबलो की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात.

पण सहाला सूर आहे. मांडवात नवरा येताना सूरच हवा. घरच्या लोकांना ओळखीचं काहीतरी लागतं. पंचाने समारंभाचा विचार करायला नको का?

वाजले किती? साडेअकरा.

दुपारी १२.१०. कळवलं. सहा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मेघाचा मेसेज मी शिळफाट्याच्या बाजारात उभा राहून वाचला. हातात कोथिंबीर होती.

“बाद: अकरा नंबर. उज्वला श्रीपत रोकडे, शिळफाटा. ताई, अभिनंदन! सोळा जणांत तुम्ही एकट्याच बाई होतात.”

रोकडे म्हणजे माझी सासुरवाडी. श्रीपत म्हणजे माझे सासरे, ज्यांनी लग्नात मुलीला शिलाई मशीन दिली होती. मी मेसेज तीन वेळा वाचला. मग कोथिंबीर विकणारीने विचारलं, “दादा, बरं वाटत नाय का?” मी म्हणालो, नाही.

२६ जानेवारी, रविवार

समीक्षा झेंडावंदनाला कॉलेजात गेली. घरात आम्ही दोघंच. उज्वला कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. मी समोर बसलो.

“तू सांगितलं का नाहीस?” मी म्हणालो.

“सांगितलं आसतं तर तुमी पंच हाय म्हनून नको म्हनाला आसता. आन लोकं बी म्हनली आसती, पंचाची बायको.” तिने सुई अडकवून ठेवली. “तुमच्या नावाला बट्टा नको म्हनून म्हायेरचं नाव लावलं.”

माझ्या नावाला. जमीन दुभंगावी असं माणसं म्हणतात ते मला आजवर उगाच वाटायचं.

“सहा नंबर माझी आहे,” मी म्हणालो.

“ठाव हाय.”

“कधीपासून?”

“पयल्या दिवसापासून. सा म्हयनं झालं, ताट म्हनू नका, खिडकी म्हनू नका, माझी पाठ बी वाजवून झाली त्या धुनेपायी.” ती थोडं हसली. मग हसू गेलं. “मीच मत दिलं सहाला. शेवटचं. तुमचा जीव लागलाय म्हनून. मला काय, मी आनकी एक करीन.”

मी इथे पानावर हिशोब केला, सवयच आहे. तिने स्वतःला मत दिलं असतं तर अठ्ठ्याऐंशी–शहाऐंशी. बरोबरीच झाली नसती. माझ्या मताची गरजच पडली नसती. तिने मला स्वतःचं मत दिलं, आणि मीही मला माझंच दिलं.

“पन एक सांगा,” ती हुक लावता लावता म्हणाली. “जीव नाय तिच्यात, हे खरंच वाटलं व्हतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “ती माझ्यापेक्षा चांगली आहे. कालच लिहून ठेवलंय.”

“मग कळवायचं तसं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

२९ जानेवारी

रविवारी दोन तारखेला आमची फायनल. सहा विरुद्ध तीन. लोक मला विचारतात, तयारी झाली का पंच साहेब? बावीस वर्षांत माझ्या बुकात एकदाच चूक लिहिली गेली. फलंदाज धावबाद नव्हता, तरी मी पंचाच्या हाताकडे बघून बाद लिहिला. नंतर पंचाने स्वतःच त्याला मैदानाच्या कडेवरून परत बोलावलं. सगळ्या मैदानाने शिट्ट्या मारल्या, पण फलंदाज परत आला. पंच बाजूला येऊन मला म्हणाला, खोड आणि नीट लिही. खोडलेलं दिसू दे.

३० जानेवारी

सकाळी सातला ग्रुपवर टाकलं. इथे जसंच्या तसं उतरवतो.

“पंचाकडून. सोळा तारखेचा सहा विरुद्ध दोन हा पोल मी चार मिनिटं आधी बंद केला. पंचवीस तारखेला बरोबरीत माझं मत मी सहाला दिलं. सहा नंबर माझी स्वतःची आहे. हिरामणचं फक्त नाव लावलं, त्याचा दोष नाही. सहा बाद. दोन आणि अकरा यांना परत बोलावत आहे, उपांत्य सामना त्यांचा व्हावा. अकरा नंबरची उज्वला ही माझी पत्नी. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही. पंच म्हणून मी बाजूला होतो. प्रवीण सोनावळे.”

चार मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. चारच, मी मोजली. मग रुपेश: “म्हंजे सेमीफायनल एकाच घरात झाली व्हय?” मग सगळे सुटले. नवरा पंच, बायको खेळाडू, मित्र डमी. कुणीतरी लिहिलं, दोघांनी मिळून ठरवलं असणार, एक नाही तर दुसरी जिंकेल. त्याला चौपन्न हसणारे चेहरे.

हिरामण दिवसभर माझ्या शेजारी उभा होता, बोलला एकदाच. “मला आदी सांगायचं व्हतंस रं. बायकोनं ग्रुपात वाचलं.”

घरी आलो तर उज्वला दारातच उभी. हातात फोन. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलंत.

“खरं बोललात, ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पन माझं नाव टाकताना मला इचारलंत का? काल पतूर मी अकरा नंबर व्हते. आजपासून पंचाची बायको.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खोडलं, पण खोडताना पान फाटलं.

१ फेब्रुवारी

मेघाने पोल घेतला. दोन विरुद्ध अकरा: १२१–५८. पहिल्या फेरीत याच अकराला अठ्ठ्याऐंशी मतं होती, तेव्हा तिला नाव नव्हतं. धून तीच आहे, एक ठोकाही बदललेला नाही.

समीक्षा रडली. उज्वला म्हणाली, “आगं, गंमत हाय ती,” आणि कुकर लावला.

तिने मला टोचून एक शब्द ऐकवलेला नाही. मीच पानोपानी ऐकवतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पोशीरला टेनिस क्रिकेटची फायनल. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला स्कोअरला बोलावलं नाही. फोनही आला नाही. दुपारी मेघाने व्हिडिओ पाठवला. खेळाडू उतरतायत, तीनला हरवून जिंकलेला रुपेशचा भोंगा वाजतोय, त्याचं नाव पुकारतायत. गर्दी नाचत होती. चांगला वाजला भोंगा, खोटं कशाला बोलू. खाली मेघाने वेगळं लिहिलं होतं: “ताईंना सांगा, बँकर मी माझ्या फोनची रिंगटोन केलीय.”

मी आत जाऊन सांगितलं. उज्वला मशीनवर होती. “बँकर कसला डोंबलाचा,” ती म्हणाली.

मी दारातच उभा राहिलो. मशीन चालू होती. टकटक-टकटक, लांब शिवण असली की चढत जाणारी. मग ती थांबली. कात्रीने धागा तोडला. कट्. परत टकटक. वीस वर्षं हा आवाज माझ्या घरात आहे. अडीचशे माणसं तो घाटात शोधत होती आणि मीही त्यांच्यात होतो.

“नुसतं उभं का ऱ्हायलात? या हिकडं,” ती म्हणाली. “नवीन करतेय. मशीन चालवू का फोन धरू? मला दोनच हात हायत.”

मी स्टूल ओढून बसलो. तिने फोन माझ्या हातात दिला, सुईजवळ नेमका कुठे धरायचा ते दाखवलं. “आन मोजा. सोळा ठोके झाले की हात वर करा, मी थांबते. मोजायला तर येतं ना?”

“येतं.”

“सोळा हां. बाराला हात वर करू नका.”

ती माझ्याकडे बघत नव्हती, कापड सरळ करत होती. मशीन सुरू झाली. मी पूर्ण सोळा मोजले आणि मग हात वर केला.